तारा म्हशीसाठी पिंजार आणाय गेलतो

प्रवासवर्णन म्हटल्यावर तुम्ही आता पाय पसरून बसला असाल. बर्फ येणार, विमान येणार, गोऱ्या मडमा येणार, निदान एखादा समुद्र तरी येणार. यातलं काही येणार न्हाय. किल्ला न्हाय, लेणी न्हाईत. एका देवळाचा कळस लांबनं दिसत होता, पण तेवढ्यात यष्टीत म्होरं बसलेल्या बाईनं टोपली डोक्यावर घेतली. मी गेलतो पिंजार बघायला. पिंजार म्हणजे भात झोडपून झाल्यावर जे उरतं ते, भाताचं वाळकं काड. कुणाला आत्ताच उठून जायचं असेल तर जावा. पण मग फणसाची भाजी चुकली आणि आख्खी गल्ली रडवणारा टेम्पोबी चुकला म्हणून समजा.

कागल, निघायच्या आधी

मी कागलात मामाकडं ऱ्हातो. मामाच्या दारात तारा हाय. तारा ही म्हस. मामीच्या माहेरनं रेडकू म्हणून आली आणि मामीच्या हाताखाली मोठी झाली. मामी तिच्याशी जेवढं बोलते तेवढं मामाशी बोलत न्हाय, आणि ताराबी मामीचं जेवढं ऐकते तेवढं मामा ऐकत न्हाय.

माझं म्हणाल तर शाळा झाली, नोकरी लागायची हाय, मधल्या वेळात नकला करतो. मामाचा खाकरा, दूध संस्थेत माप घेणाऱ्या बाबूंचं किरकिरणं, रेडिओवर शेतीचा कार्यक्रम सांगणाऱ्याचं गोड गोड बोलणं, समदं येतं. ताराचं हंबरणं तर असं काढतो की तारा उलटं उत्तर देते. मामी म्हणते, हे पोरगं जन्मलं तेव्हा कुणाच्या आवाजात रडलं कुणास ठावूक.

उन्हाळ्यात आमच्याकडं पंचाईत होते. कारखाना बंद झाला की उसाचं वाडं संपतं. वाडं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, आमच्या जनावरांचा सणाचा फराळ. कडबा म्हणावा तर रानोमाळ ऊस झालाय, ज्वारी करतंय कोण? मग मामानं बाजारातनं गाडीभर पिंजार आणलं. तारानं वास घेतला, मान वर केली आणि मामाकडं बघितलं. ती नजर मला करून दाखवता येते, पण कागदावर कशी उतरवू? एवढंच सांगतो की मामा त्या नजरेला लाजला.

पिंजार तसंच पडून ऱ्हायलं. तारा वाळाय लागली, दूध आटलं. हे कळल्यावर हेडी आला. जनावरांच्या दलालाला आमच्यात हेडी म्हणतात. तो ताराच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणायचा की अजून अंगावर मांस हाय तवर देऊन टाका. मामाच्या मनातबी तेच आलं. मामी तोंडानं काही बोलली न्हाय, पण ताटात भाकरी जरा वरनं पडाय लागली.

अशात मामीचा भाऊ शंकर, त्याचा राधानगरीच्या पल्याडनं निरोप आला. त्याची जनावरं पिंजार कडब्यासारखं खातात, कारण तो पिंजाराला औषध करतो. दाजींनी येऊन बघावं आणि तारासाठी चार दिवसांचं पिंजार घेऊन जावं. मामा हसला. मामी हसली न्हाय. तिनं तिथंच सौदा केला: शंकरचं पिंजार तारानं खाल्लं तर ती दारात ऱ्हाणार, न्हाय खाल्लं तर हेडी घेऊन जाणार, मग मामी एक शब्द बोलणार न्हाय. मामानं लगेच हो म्हटलं. त्याला खात्रीच होती की म्हस तोंड लावणार न्हाय. मला बरोबर घेतलं ते पोती धरायला.

यष्टीत

कोल्हापुरात गाडी बदलली. यष्टीत पहिल्यांदा विचारतात ते कुठनं आलासा, आणि दुसऱ्यांदा कशापायी चाललासा. मामाला पिंजाराचं नाव घ्यायची लाज वाटली. ‘पावण्याकडं, सहज,’ म्हणाला. आता कागलचा माणूस मे महिन्यात, पांढरी टोपी घालून, हातात दोर आणि पोती घेऊन सहज कुठं जातो? शेजारचा म्हातारा बघतच ऱ्हायला. मग मीच सांगून टाकलं. झालं, आख्ख्या यष्टीला विषय मिळाला. एक म्हणाला पिंजारानं जनावराचं पोट फुगतं. दुसरा म्हणाला मीठपाणी शिंपडा. तिसरा म्हणाला गुळाचं पाणी शिंपडा. म्हातारा म्हणाला, एवढं समदं घालायचं असंल तर पिंजार कशाला, म्हशीला जेवायलाच बसवा की.

भोगावतीच्या कडेनं ऊस बरोबर चालत होता, मग हळूहळू मागं पडला. माती तांबडी झाली, डोंगर जवळ आले. भातखाचरं रिकामी, पायऱ्या पायऱ्यांनी वर गेलेली. बांधाला काजूची झाडं. प्रत्येक घरामागं पिंजाराची गंजी, लांबनं बघितली तर घोंगडी पांघरून बसलेली माणसंच वाटावीत. आमच्याकडं घर बघून माणसाची ऐपत कळते, तिकडं गंजी बघून.

वाटेत एका ठिकाणी यष्टी थांबली. मामा रस प्यायला उतरला. मला आपलं बसून बसून कंटाळा आलता, म्हणून कंडक्टरची घंटी तोंडानं वाजवली, टिंग टिंग. ड्रायव्हर गुणाचा निघाला. त्यानं गाडी हलवली. मागं बघतोय तर मामा एका हातात धोतर आणि एका हातात रसाचा गलास घेऊन पळतोय. गाडी थांबली, मामा चढला, गलास तसाच हातात. मग रसवाला पळत आला. तो गलास घेऊन परत जाईपर्यंत मामानं मला जे सुनावलं ते इथं लिहीत न्हाय, कारण ते फक्त ट्रेलर होतं.

पिंजाराचा बघायचा कार्यक्रम

गावाचं नाव सांगत न्हाय, न्हायतर पुढच्या मे महिन्यात तुम्ही समदे फणस खायला जाशिला. शंकरमामा उंच, बोलका, कशालाबी टाळी मागणारा. दारात पाय धुवायला पाणी आलं, गूळ आला, बिनदुधाचा चहा आला. बिनदुधाचा का, तर दूध समदं डेअरीला. ते आमच्याकडंबी तसंच हाय, फक्त आमच्यात पावण्यापुरतं मागं ठेवतात. तसं म्हणालो तर शंकरमामाची बायको, तिला मी धाकटी मामी म्हणतो, म्हणाली, ‘तू पावणा कुठं, तू तर आपला दिग्या.’

जेवणात नाचणीची भाकरी, फणसाची भाजी आणि नदीच्या माशाचं कालवण. आमच्याकडं भात येतो तो शेवटी, हात धुवायच्या आधी, घासभर. इथं पहिल्यांदा भात, मधी भात, आणि भाकरी संपली म्हणून परत भात. मामानं तिसऱ्या भाताला हात आडवा धरला, तर शंकरमामा म्हणाला, ‘दाजी, भात खाल्ल्याशिवाय पिंजार कसं निघंल?’

मग घोंगडं अंथरलं आणि आम्हाला बसवलं. शंकरमामा एकेक पेंढी आतनं आणून समोर ठेवाय लागला. अगदी पोरगी बघायचा कार्यक्रम. मामा ऐटीत बसलेला, मी कडेला, आणि पेंढी आली की मामा काडी हातात घेणार, पिळणार, वास घेणार, टोक चावणार.

पहिली पेंढी जुन्या जातीच्या उंच भाताची. जरा हिरवट असतानाच कापलेलं, सावलीला वाळवलेलं. काडी मऊ, चावल्यावर थोडी गोडी लागते. मामानं मान हलवली. दुसरी नव्या, बुटक्या जातीची. दाणे पोत्यानं, पण काडी खराट्यासारखी. मी चावली तर दाताच्या फटीत बसली ती दोन दिवस निघाली न्हाय. तिसरी शेजाऱ्याच्या रानातली, मुद्दाम मागून आणलेली. त्या शेजाऱ्यानं हौसेनं युरियावर युरिया टाकला. भात हिरवंगार वाढलं आणि आडवं पडलं. खालचं कुजलं, काळी बुरशी आली. त्यात कीड पडली म्हणून कापणी तोंडावर असताना औषध फवारलं. हे पिंजार शंकरमामा जनावराच्या तोंडाजवळबी नेत न्हाय. मी चावायला गेलो तर हातातनं ओढून घेतलं. ‘तुला बहिणीला परत करायचाय मला,’ म्हणाला.

म्हणजे रानात पिकाला जे करशील ते काडीत उतरतं, असा त्याचा हिशोब. कवा कापलं, काय टाकलं, काय फवारलं, समदं जनावराला कळतं, फक्त ते बोलत न्हाय.

मामा म्हणाला, ‘पावणं, ही पहिली चांगली हाय, हिचीच गाडी भरा. औषध कशाला?’ तर ती होती एवढी एकच गंजी. बाकी समदी खराट्याची. तोच खराटा म्हशीला गोड करून घालायचा, हे त्या औषधाचं काम. आणि औषध म्हणजे परत युरियाच. मामा ऐकून उठायच्याच बेतात होता. पण हा युरिया रानात न्हाय, पाण्यात विरघळवून पिंजारावर शिंपडायचा. खड्ड्यात थरावर थर, प्रत्येक थर पायानं तुडवून घट्ट करायचा. वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर शेणमातीचं लिंपण, आणि तीन आठवडे तिकडं बघायचंसुद्धा न्हाय. आत वाफ कोंडते आणि काडी मऊ पडते. मापात करायचं बरं का. युरिया तसाच जनावराच्या पोटात गेला तर जनावर जागेवर आडवं होतं, म्हणून शंकरमामा युरियाचं पोतं देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवतो. देवाच्या डोक्यावर युरिया मी पहिल्यांदा बघितला.

दोन पो

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकरमामा म्हणाला, चला, खरी परीक्षा दाखवतो. आणि गोठ्यात नेऊन शेणाचे दोन पो दाखवले. एक साध्या पिंजारावरच्या बैलाचा, एक औषधाच्या पिंजारावरच्या म्हशीचा. दोघं मेहुणे उकिडवे बसले आणि काटकीनं शेण उकलून बघाय लागले. साध्यात काड्या तशाच्या तशा. शंकरमामा म्हणाला, ‘हे बघा दाजी, ह्या तोंडातनं आत गेलं आणि फिरून बाहेर आलं, पोटाला काय सुदीक दिलं न्हाय.’ दुसऱ्यात काडी सापडेना, शेण एकदम मऊसूत. मामा बराच वेळ बघत बसला. माझ्या आयुष्यात मी मामाला एवढं मन लावून काही वाचताना बघितलं न्हाय.

मामाचा चेहरा तिथं बदलला. हसणं थांबलं. मला वाटतं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की तारा ऱ्हाईल. चार दिवसांचं पोत्यात न्यायचं सोडून त्यानं कागलपर्यंत टेम्पोच ठरवला.

खड्डा उघडायच्या वेळेला जनावरांच्या दवाखान्यातले साहेब आले. हे औषध गावाला त्यांनीच शिकवलेलं. बारीक अंगाचे, नाकात बोलणारे, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘लक्षात आलं का’. ते तोंडात बसायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली न्हाईत. साहेब हात धुवायला गेले तेवढ्यात मी धाकट्या मामीला करून दाखवलं: ‘म्हशीला म्हस म्हणायचं न्हाय, दुभतं जनावर म्हणायचं, लक्षात आलं का.’ ती पदर तोंडात कोंबून गोठ्यामागं पळाली.

लिंपण फोडलं, कागद उचलला आणि जो भपका आला म्हणता. डोळ्यातनं पाणी, नाकातनं पाणी, मामा उलट्या पावली कुंपणापर्यंत गेला. आतलं पिंजार तपकिरी, ओलसर, हाताला मऊ. टेम्पोवाला घाई करत होता, त्याला दुसरं भाडं होतं. म्हणून काढलं तसं भराय घेतलं. शंकरमामा खड्ड्यात, मामा टेम्पोवर. मग साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि नीट सांगितलं: घरी गेल्यावर लगेच घालायचं न्हाय. पसरून ठेवायचं, रात्रभर वारं लागू द्यायचं. वास उडाला की मगच, आणि तेबी पहिल्यांदा थोडं थोडं. तू शिकलेला दिसतोस, मामाला सांग. मी मान हलवली. शंकरमामाला वाटलं साहेबांनी दाजींना सांगितलंच असणार. निघताना त्यानं एकच सांगितलं, ‘तारा खाईल बघा. माझ्या बहिणीला म्हणावं, म्हायेरचं हाय.’

टेम्पो

मी सांगितलं. अगदी लगेच सांगितलं, गावाच्या वेशीतनं बाहेर पडायच्या आत. फक्त साहेबांच्या आवाजात सांगितलं. नाकातनं: ‘पसरून ठेवायचं, वारं लागू द्यायचं, लक्षात आलं का.’ मामा आणि टेम्पोवाला इतके हसले की टेम्पोवाल्याला गाडी कडेला घ्यावी लागली. मामा डोळे पुसत म्हणाला, परत कर. मी परत केलं. राधानगरीत चहाला थांबलो तिथं हॉटेलवाल्याला करून दाखवायला लावलं. साहेबांचा निरोप मी तीन वेळा दिला आणि तीन वेळा माझ्या पाठीवर थाप पडली.

मामाच्या डोक्यात तर तिसरंच चाललंतं. आमच्याकडं वर्षाची चटणी करतात, कांदा-लसणाची. ती बरणीत दाबून भरायची आणि तोंड घट्ट बांधायचं, न्हायतर तिखटपणा उडून जातो. मामानं पिंजाराची चटणीच केली. एवढा वास हाय म्हणजे समदी ताकद वासातच, तो उडाला तर ताराला काय खराटा घालू? ताडपत्री दुहेरी आवळली. राधानगरीत बरोबर नेलेली पोती ओली केली आणि फटीत कोंबली. वर मे महिन्याचं ऊन. मी बघत होतो. मला वाटलं मामाला कळलंय, घरी गेल्यावर पसरणारच हाय. मला वाटायला काय जातंय.

कागल, दारात

संध्याकाळी पोचलो. मामीनं गव्हाण धुऊन काढलेली. ताराच्या कपाळावर हळद-कुंकू. आणि कट्ट्यावर हेडी, मांडीवर नवा दोर. सौद्याची बातमी त्याला कुणी सांगितली देव जाणे, हेड्यांना कळतं.

मामा टेम्पोवर चढला, गल्लीकडं एकदा बघितलं आणि पोती उपसून ताडपत्री फाडकन ओढली.

समोरच्या घरातली म्हातारी पहिली रडली. मग शेजारची पोरं. चक्कीवाला बाहेर येऊन विचारायला लागला कोण गेलं. हेडी टोपी नाकाला लावून उभा. मामानं भरल्या डोळ्यांनी कवेत मावेल एवढा एक कवळा उचलला आणि गव्हाणीत टाकला. तारानं नाक पुढं केलं, फुर्रकन फुसकारली आणि दावं ताणून मागं सरकली. मग सावकाश वळली आणि समद्यांकडं पाठ करून उभी ऱ्हायली.

मामी पदरानं डोळे पुसत होती. ते वासानं का कशानं, मला बघवलं न्हाय. हेडी दोर सोडवत पुढं आला. मामानं खाली बघत खुंट्याकडं हात नेला.

मी ओरडलो, ‘मामा, साहेबांनी सांगितलंय पसरून ठेवायला.’ पण घाबरल्यामुळं काय झालं, ते नाकातनंच आलं. हुबेहूब साहेब. मागं कोण तरी फिस्सकन हसलं.

मामा म्हणाला, ‘ही येळ हाय व्हय नकला करायची?’

परत सांगाय गेलो तर आता आवाजच फुटेना. तोंड उघडतोय, मिटतोय. मामीनं मामाचा हात खुंट्यावरनं बाजूला केला आणि माझ्यासमोर येऊन उभी ऱ्हायली.

‘दिग्या, खरं साहेब म्हणलेत?’

‘व्हय मामी.’

‘शप्पत?’

‘तुझी शप्पत.’

तिनं एवढंच ऐकलं. हेड्याला म्हणाली, उद्या या. आणि पदर खोचून टेम्पोतनं कवळे खाली ओढाय लागली. आम्ही अंगणात पसरलं, कट्ट्यावर पसरलं, पत्र्यावर पसरलं, शेजारच्यांच्या शिव्या खात त्यांच्या भिंतीवरबी पसरलं. ताराला त्या रात्रीपुरतं मामीच्या धाकट्या जावेकडनं मूठभर कडबा मागून आणला.

सकाळी वास उतरला होता. हुंगल्यावर थोडा यायचा, एवढाच. मामीनं वंजळभर पिंजार घेतलं, उरलेला कडबा त्यात कालवला आणि गव्हाणीत ठेवलं. हेडी आलाच होता. मामा पाठ करून पायतानाला पडलेली धूळ झटकत बसला, पण एकच पायतान किती वेळ झटकणार? तारानं हुंगलं. कडब्याची एक काडी उचलली. मग कडब्याच्या काड्या वेचायच्या नादात एक तपकिरी काडी तोंडात गेली. ती चावताना थांबली. मला वाटलं आता थुंकणार. परत चावाय लागली. मग जीभ लांब करून घसाघसा ओढाय लागली, आणि संपल्यावर गव्हाण चाटून मामीकडं बघून हंबरली. यावेळी हंबरणारा मी न्हवतो.

मामीनं आणखी वंजळभर घातलं आणि बास म्हणाली. हेड्यानं दोर गुंडाळला, आमच्यात पावण्यापुरतं दूध ठेवतात त्याचा चहा प्याला आणि वाटेला लागला. मामा ताराच्या शेपटीमागं जाऊन उभा ऱ्हायला, शेण कवा टाकतीय ते बघायला. मी आपला हळूच चपला घालून सटकाय लागलो.

‘थांब,’ मामी म्हणाली. ‘तारा जेवायची ऱ्हायलीती म्हणून गप होते. आता हिकडं ये. समद्या गावाचे आवाज हाईत तुझ्या गळ्यात. मास्तराचा हाय, कंडक्टरचा हाय, म्हशीचाबी हाय. आन ह्या घरचं एक खरं सांगायचं होतं तवा तुझा कुठं गेलता? हसून हसून मामाला निरोप दिलास, त्यानं हसून हसून ऐकला, आन दोघांच्या हसण्यात माझी म्हस दोराला लागली असती. खाली काय बघतोस, वर बघ. इथनं म्होरं जेवायला मागशील ते तुझ्या आवाजात मागायचं. दुसऱ्या कुणाच्या आवाजात मागितलंस, तर ज्याचा आवाज त्याच्या घरला जाऊन जेवायचं.’